भिंतीआड वाहणारे पाणी

तोटीतून ठिबकणारे पाणी घरातील सर्वांना दिसते. त्याचा टपटप आवाज रात्री झोप मोडतो, खालचे घमेले भरते, आणि चार दिवसांत कोणीतरी नवा वायसर आणून ती तोटी दुरुस्त करतो. दिसणारी गळती फार दिवस टिकत नाही. परंतु भिंतीच्या पोटात, फरशीच्या खाली किंवा अंगणातल्या मातीत जी नळी फुटते, तिची गोष्ट निराळी. ती दिसत नाही, बहुधा ऐकूही येत नाही. तिची खूण भिंतीवर उमटते तेव्हा प्लंबरऐवजी रंगारी बोलावला जातो. नवा रंग बसतो, दोन महिन्यांनी तोच डाग पुन्हा उमटतो, आणि घरातील माणसे भिंतीलाच दोष देऊ लागतात. मराठी घरात तिला गळती म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात सोरिके म्हणतात. पण दोन्ही घरांत तिची दखल सारखीच उशिरा घेतली जाते.

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी या भागात हा उशीर परवडणारा नाही. मांजरा, कारंजा, भीमा, बेण्णेतोरा या नद्यांचे पाणी पंपांनी उचलून, शुद्ध करून, मैलोगणती नळांतून येथील गावांना आणावे लागते. पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो तेव्हा काय होते, हे सीमेपलीकडच्या लातूरकरांनी 2016 साली पाहिले. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. इतक्या सायासाने दारापर्यंत आलेले पाणी घराच्या पायात मुरून जाते, तेव्हा पाण्याबरोबर वीज, पैसा आणि श्रम यांचीही हानी होते. शिवाय घराच्या भिंती आणि घरातील मुलांचे आरोग्य या दोन गोष्टीही तिच्यामुळे धोक्यात येतात.

छुपी गळती शोधताना बहुतेक माणसे पहिली चूक करतात ती अशी, की जेथे ओल दिसते तेथेच नळी फुटली असावी असे ती गृहीत धरतात. पाण्याचा स्वभाव तसा नाही, आणि बीदरच्या भूमीइतके हे स्पष्टपणे दाखवणारी दुसरी जागा शोधूनही सापडायची नाही. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. हा दगड सच्छिद्र आहे. त्यावर पडलेला पाऊस त्यातून खाली खाली झिरपत जातो. त्याच्याखाली घट्ट, अभेद्य असा काळा पाषाण आणि चिकणमाती यांचा थर लागला की पाण्याची खालची वाट बंद होते. मग ते आडवे चालू लागते आणि पठाराच्या कडेला, उताराच्या अंगाला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. गुरुनानक झिरा आणि नरसिंह झरणी ही बीदरची दोन प्रसिद्ध तीर्थे अशाच झिरपणाऱ्या पाण्याची आहेत. पाऊस पडला एकीकडे, झरा फुटला दुसरीकडे. घरातही हेच घडते. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातील नळीचे पाणी स्लॅबवरून आडवे चालत जाऊन पलीकडच्या खोलीच्या कोपऱ्यात उतरते. फरशीखाली फुटलेल्या नळीचे पाणी मुरुमाच्या थरातून वाट काढीत उंबऱ्यापाशी वर येते. ओल म्हणजे पाण्याच्या प्रवासाचे शेवटचे स्थानक. गाडी निघाली कोठून, हे त्यावरून कळत नाही. म्हणून ओल दिसली की तेथे छिन्नी लावू नये. आधी मोजावे, मग फोडावे, हाच या साऱ्या विषयाचा मूळ नियम होय.

मोजण्याची सवय लागावी म्हणून प्रथम गळतीचे प्रमाण ध्यानात घेतले पाहिजे. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे 86,400 थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे पाणी रोजचे चार लिटरांहून थोडे अधिक, आणि वर्षाचे दीड हजार लिटरांहून अधिक भरते. नळीला छिद्र पडले तर आकडा याहून फार मोठा होतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब असलेल्या नळीला एक मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे जाड सुईच्या अग्राएवढे, भोक पडले, तर त्यातून तासाला सुमारे 24 लिटर पाणी जाते. पाणी अखंड असेल तर दिवसाला हा हिशेब साडेपाचशे लिटरांच्या वर जातो. शहरातील माणसामागे रोज 135 लिटर पाणी असावे असे आपल्या देशातील पाणीपुरवठ्याचे प्रमाण आहे. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातील माणसासाठी ते 55 लिटर धरले आहे. म्हणजे सुईच्या टोकाएवढे एक भोक शहरात चार माणसांचा आणि खेड्यात दहा माणसांचा वाटा गिळते.

परंतु पाणी वाया जाण्याहूनही मोठा धोका त्या भोकाच्या उलट्या कामात आहे. आपल्याकडील पुष्कळ गावांत नळाला पाणी रोज येत नाही. येते तेव्हा तास-दोन तास येते. पाणी चालू असताना नळीत दाब असतो, म्हणून पाणी भोकातून बाहेर पडते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होऊ लागते, आतला दाब उतरतो, आणि भोवतालच्या मातीत साचलेले पाणी त्याच भोकातून आत शिरते. ती नळी गटाराच्या कडेने किंवा संडासाच्या खड्ड्याजवळून गेली असेल तर आत काय शिरते हे सांगण्याची गरज नाही. कित्येक घरांत अधिक पाणी मिळावे म्हणून नळालाच थेट मोटर जोडतात. ती मोटर नळीतील उरलासुरला दाबही काढून घेते आणि बाहेरची घाण जोराने आत ओढते. विषमज्वर, कावीळ, हगवण, अतिसार यांचे जंतू याच मार्गाने घरात येतात. त्यात एका घराच्या मोटरीचा दोष शेजाऱ्याच्या मुलालाही भोगावा लागतो.

हे केवळ अनुमान नव्हे. कर्नाटकात जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी या शहरांच्या निवडक भागांत 2008 साली चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या भागांतील जुन्या नळ्या बदलल्या, घरोघर मीटर बसवले आणि नळीत सदैव दाब राहील अशी व्यवस्था केली. पुढे संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये अखंड पाण्याचे भाग आणि तासांवर पाणी मिळणारे भाग यांतील नळांचे पाणी तपासून पाहिले. तुटक पुरवठ्याच्या नळांत मैल्याशी संबंधित जंतू कितीतरी अधिक वेळा आढळले. पाणी सुटल्याबरोबर येणाऱ्या पहिल्या धारेत आणि पावसाळ्यात त्यांचे प्रमाण विशेष होते. यावरून घरातील माणसांनी एक सोपा धडा घ्यावा. पाणी सुटल्यावर पहिली धार पिण्याच्या घागरीत धरू नये. ती धुण्याला किंवा झाडांना वापरावी. पहिल्या पाण्याला वास येत असेल, ते गढूळ असेल, किंवा त्यात केसासारखे, मातीसारखे काही दिसत असेल, तर नळीला कोठेतरी तोंड पडले आहे असे समजावे, आणि दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळ उकळून घ्यावे.

आता शोधाकडे वळावे. भिंत ओली दिसली तर ती ओल कशाची हे प्रथम ठरवावे लागते, कारण ओल चार प्रकारची असते. पहिली पावसाची. ती पावसाळ्यात वाढते आणि मार्गशीर्ष-पौषापर्यंत सुकून जाते. दुसरी जमिनीतून चढणारी. ती भिंतीच्या तळाशी पट्ट्यासारखी दिसते, बहुधा कमरेच्या वर जात नाही, आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटतो. तिसरी हवेतील वाफेची. पावसाळी दिवसांत थंड शहाबादी फरशीला घाम सुटल्यासारखे पाणी दिसते, ते या प्रकारचे. आणि चौथी नळीच्या गळतीची. तिला ऋतूशी कर्तव्य नसते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात, जेव्हा साऱ्या गावाची माती भेगाळलेली असते, तेव्हाही जी भिंत ओली राहते, तिच्यामागे बहुतेक नळीच असते. म्हणून छुपी गळती शोधण्यास आपल्याकडील उन्हाळ्यासारखा दुसरा काळ नाही.

वाफेची ओल आणि भिंतीतली ओल यांतील भेद ओळखण्याची युक्ती साधी आहे. प्लॅस्टिकच्या कागदाचा वीतभर तुकडा ओल्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. पाण्याचे थेंब खोलीच्या बाजूला धरले असतील तर ओल हवेतली. कागदाच्या मागे धरले असतील तर ती भिंतीतून येते. त्याचप्रमाणे ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तीवर तारीख घालावी. आठवड्याभरात दोन-तीन रेघा झाल्या की ओल वाढते, थांबते की ओसरते हे कळते. न्हाणीघर दोन दिवस न वापरता बंद ठेवल्यावर रेघ मागे सरकली, तर दोष सांडपाण्याच्या नळीत किंवा न्हाणीच्या फरशीच्या सांध्यांत आहे. कारण सांडपाण्याची नळी वापरतानाच गळते. न्हाणीघर बंद असूनही ओल तशीच वाढत राहिली, तर दोष सदैव भरलेल्या, दाबाखालील नळीत आहे.

ज्यांच्या नळाला मीटर आहे, त्यांच्याजवळ गळतीचा सर्वांत खात्रीचा साक्षीदार आहे. पाणी चालू असलेल्या वेळी घरातील सर्व तोट्या आणि टाकीत पाणी घेणारा कॉक बंद करून मीटरचे आकडे टिपावेत, आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पाहावेत. पाणी कोणी घेतले नसता आकडा पुढे गेला, तर मीटरपासून घरापर्यंतच्या नळीत गळती आहेच. हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर शहरांना लागू होते. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराचा अभियंता जॉर्ज डीकन याने 1870 च्या दशकात नळांतील प्रवाहाची नोंद आपोआप करणारे एक मीटर तयार केले. त्यामागील विचार असा, की मध्यरात्री सारे शहर झोपलेले असताना नळांतून जे पाणी वाहत राहते, त्याचा बराचसा भाग कोणी वापरीत नसून तो गळतो आहे. एकेका गल्लीचा कॉक बंद करून मीटरकडे पाहिले की कोणत्या गल्लीत गळती आहे ते कळते. आजही जगभरच्या शहरांत रात्रीच्या प्रवाहावरून गळती ओळखण्याची पद्धत रूढ आहे, आणि घरालाही तीच लागू पडते.

परंतु सीमाभागातील कित्येक घरांना मीटर नाही, आणि पाणीही रात्रंदिवस नसते. अशा घरात गच्चीवरची टाकी हेच मीटर समजावे. रात्री निजण्यापूर्वी टाकीत पाणी येण्याची वाट बंद करावी, घरातील सर्व तोट्या आणि संडासाच्या फ्लशच्या टाक्यांचे कॉक बंद करावेत, काठीने पाण्याची खोली मोजून ठेवावी आणि पहाटे कोणी पाणी घेण्यापूर्वी पुन्हा मोजावी. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरले म्हणजे सुमारे पावणेआठ लिटर पाणी गेले, असा हिशेब येतो. एका रात्रीत पाच सेंटिमीटर उतरले तर जवळजवळ चाळीस लिटर, म्हणजे मोठ्या दोन-तीन घागरी, कोणी न वापरता नाहीशा झाल्या. दुसऱ्या रात्री टाकीच्या तळाशी असलेला मुख्य कॉकही बंद करावा. आता पाणी उतरले नाही, तर टाकी निर्दोष असून गळती खालच्या नळ्यांत आहे. तरीही उतरलेच, तर टाकीलाच चीर आहे. तिसऱ्या रात्री मुख्य कॉक उघडा ठेवून स्वयंपाकघराची वाट बंद करावी, चौथ्या रात्री न्हाणीघराची. जी वाट बंद केल्यावर पाणी उतरणे थांबते, त्या वाटेवर गळती असते. चार रात्रींच्या धीराने जे कळते, ते कळण्यासाठी एरवी चार भिंती फोडाव्या लागतात.

उघड्या हौदात हा प्रयोग करताना एक दक्षता घ्यावी. वैशाखातील आमच्याकडच्या कोरड्या वाऱ्याने पाणी नुसते उडूनही जाते. म्हणून हौदाजवळच एक बादली पाण्याने भरून ठेवावी आणि दोन्हीकडे खूण करावी. बादलीत जेवढे पाणी उतरले तेवढे हवेत गेले. हौदात त्याहून जास्त उतरले, तर तो फरक गळतीचा. शाळेतील विज्ञानाच्या तासाला मुलांकडून सहज करून घेता येईल असा हा प्रयोग आहे. जमिनीखालच्या हौदाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. पावसाळ्यात येणारी वाट बंद असूनही हौदातील पाणी चढलेले दिसले, तर आनंद मानू नये. बाहेरचे पाणी चिरेतून आत येत आहे, आणि जवळच गटार असेल तर तो हौद पिण्याच्या कामाचा राहिलेला नाही, असाच त्याचा अर्थ आहे.

घरात सर्वांत जास्त फसवणारी जागा म्हणजे संडासाची फ्लशची टाकी. तिच्यातील पडदा झिजला की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहते. त्या टाकीत कपड्यांची थोडी नीळ किंवा खाण्याचा रंग मिसळावा आणि पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडू नये. भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर दोष सापडला. दुरुस्तीही थोडक्या पैशांत होते.

नळीच्या गळतीचा आवाज मोठ्याने येत नसला तरी तो असतो. दाबाखालचे पाणी बारीक छिद्रातून निसटताना सूं असा सूर निघतो आणि नळीच्या धातूतून तो पुढे जातो. पाणीपुरवठ्याच्या कामातील जुने जाणते कर्मचारी लोखंडी सळई नळावर टेकवून दुसरे टोक कानाशी धरीत आणि त्या सुरावरून गळतीचा ठाव घेत. घरातही शांत वेळी, सर्व तोट्या बंद करून, लाकडी दांडी किंवा सळई नळावर ठेवून ऐकता येते. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच. जसजसे गळतीच्या जवळ जावे तसतसा सूर स्पष्ट होतो. मात्र प्लॅस्टिकच्या नळ्यांतून आवाज फार दूर जात नाही, आणि नळीत पाणी नसताना तर काहीच ऐकू येणार नाही, हे ध्यानात ठेवावे. गच्चीवर सौर बंब असलेल्या घरात आणखी एक खूण मिळते: पहाटे अनवाणी चालताना फरशीची एखादीच जागा उबदार लागली, तर तिच्याखाली गरम पाण्याची नळी फुटली असण्याचा संभव असतो.

घर कोणत्या मातीवर आणि कोणत्या दगडाचे आहे, यावरूनही खुणा बदलतात. कलबुर्गीकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. पायाच्या एका अंगाला नळी गळत राहिली की तेवढीच माती फुगते, बाकीची कोरडी राहते, आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. अशी भेग सिमेंटने बुजवण्यापूर्वी जवळून कोणती नळी गेली आहे ते पाहावे. नाहीतर भेग पुन्हा उघडते. शहाबादी फरशी घट्ट असते, तिच्यातून पाणी वर येत नाही. ते सांध्यांतून येते. म्हणून सकाळी फरशी झाडण्यापूर्वी कोणता सांधा काळसर दिसतो, कोठे शेवाळ धरले आहे, कोणती फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते, हे पाहावे. बीदरकडची जांभ्या दगडाची भिंत पाणी शोषून घेते आणि डाग दूरवर पसरवते. तेथे डागाच्या मध्यापेक्षा त्याचा सर्वांत वरचा काठ अधिक उपयोगी, कारण पाणी वरून खाली येत असेल तर उगम त्या काठाच्या वर असतो. माळवदाची, दगड-मातीत बांधलेली जुनी घरे अजून खेड्यांतून आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशा जड छपरांच्या आणि मातीच्या जोडणीच्या भिंती किती घातक ठरल्या, हे या भागाला सांगावयास नको. ज्या भिंतीचे दगड मातीने सांधलेले आहेत, त्या भिंतीत मुरणारे पाणी तिची जोडणीच मऊ करते. तेथे गळती ही रंगाची नव्हे, जिवाची बाब होते.

शोध घेताना विजेचे भान ठेवावे. ज्या भिंतीत विजेच्या तारा किंवा बटणांचा फलक आहे ती ओली दिसली, तर प्रथम मुख्य स्विच बंद करावा आणि मगच पुढचे काम करावे. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्या दिवशी पाण्याचा नव्हे, विजेचा कारागीर आधी बोलवावा.

इतके करूनही जागा नेमकी न सापडल्यास जाणकार कारागिराची मदत घ्यावी. तो नळीची सर्व तोंडे बंद करून हातपंपाने आत दाब भरतो आणि दाबाचा काटा पाहतो. काटा उतरला तर गळती आहे. एकेक भाग तोडून पाहिला की ती कोणत्या भागात आहे ते कळते. मोठ्या शहरांत आता उष्णतेची छायाचित्रे घेणारे कॅमेरे आणि नळीत निरुपद्रवी वायू भरून तो जमिनीवर कोठे निघतो हे हुंगणारी यंत्रेही वापरतात. परंतु कॅमेरा पाणी पाहत नाही. तो फक्त थंड-गरम भेद दाखवतो. घरातील माणसांनी आधी मोजून, रेघा मारून जी माहिती जमवली असेल, तिच्याशिवाय यंत्रालाही कोठे पाहावे ते कळत नाही. ज्या घरात ती माहिती तयार असते, तेथे कारागीर एक फरशी उचलतो. ज्या घरात नसते, तेथे सारे न्हाणीघर उचलतो. भाड्याच्या घरात तर तिचा दुहेरी उपयोग आहे. गळती कोणाच्या वापराने झाली, या वादात तारीख घातलेल्या रेघा आणि टाकीचे टिपलेले आकडे घरमालक व भाडेकरू दोघांनाही मान्य होण्याजोगे असतात.

याहून श्रेयस्कर ते हे, की नळ्या झाकण्यापूर्वीच पुढचा विचार करावा. बीदरजवळच्या नौबादमध्ये पंधराव्या शतकातील, बहमनी काळातील एक भूमिगत जलमार्ग आहे. लोक त्याला सुरंग बावी किंवा करेज म्हणतात. इराणातून आलेल्या या विद्येने जांभ्याच्या पोटातील पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या आधाराने, दूरवर वाहून नेले. पाणी असे लपलेले असले तरी बांधणाऱ्यांनी त्याच्यावर ठरावीक अंतराने उभी विवरे ठेवली. त्यांतून खोदलेली माती वर काढली, आत हवा खेळवली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसे आत उतरून जलमार्गाची देखरेख व सफाई करीत राहिली. ही देखरेख थांबली तेव्हा विवरे बुजली आणि जलमार्ग विस्मरणात गेला. अलीकडे, 2015 च्या सुमारास, गाळ काढून त्याचा काही भाग पुन्हा मोकळा करण्यात आला. ज्यांनी पाणी लपवले त्यांनी ते पाहण्याची खिडकीही ठेवली, हे त्या रचनेतील शहाणपण आहे.

आजच्या घरात नळ्या भिंतीत लपवण्याची हौस आहे, खिडकी ठेवण्याचा विचार मात्र नाही. तो अंगी बाणवण्यास खर्च लागत नाही. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीतील नळ्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत, आणि त्यात मोजपट्टी दिसेल असे पाहावे. घराच्या प्रत्येक वाटेला निराळा कॉक असावा आणि तो हाताला लागेल अशा जागी असावा. पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी एकाच चरातून नेऊ नये. नेणे भागच असेल तर पाण्याची नळी वर ठेवावी. नळाला थेट मोटर लावू नये. पाणी आधी हौदात घ्यावे आणि तेथून चढवावे. आणि महिन्यातून एक रात्र टाकीची खोली मोजून भिंतीवर लटकणाऱ्या दिनदर्शिकेवर तो आकडा लिहावा. हे काम घरातील शाळकरी मुलाला द्यावे. बेरीज-वजाबाकीचा त्याचा सराव होईल, आणि ज्या रात्री आकडा चुकेल त्या रात्री भिंतीआड काय चालले आहे हे साऱ्या घराला कळेल.